नाना शंकरशेट आणि त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती

शाळेत संस्कृत हा विषय घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या कानावर शंकरशेट हा शब्द केव्हा ना केव्हा पडतोच. अमक्यास शंकरशेट मिळाली, तमक्याची शंकरशेट दोन गुणांनी हुकली, असे महाराष्ट्रातील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलले गेले आहे. हा शब्द इतका अंगवळणी पडला आहे की, ती केवळ एका बक्षिसाची संज्ञा नसून एका हाडामांसाच्या माणसाचे नाव आहे, हे पुष्कळांच्या ध्यानातही राहत नाही. बरे, तो मनुष्य कोणी शास्त्री अथवा पंडित असता तर गोष्ट निराळी होती. तो होता मुंबईचा व्यापारी. पेढीवर बसणारा, हुंड्या वटविणारा, जमीनजुमल्याचा हिशेब पाहणारा. अशा पुरुषाचे नाव देववाणीच्या अभ्यासाशी कायमचे कसे जडले, हे आमच्या विद्यार्थी बंधुभगिनींस व त्यांच्या वडील मंडळींस ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने आम्ही हा चरित्रलेख हाती घेतला आहे.

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. त्यांचे कूळ दैवज्ञ ब्राह्मणांचे, आडनाव मुरकुटे. अठराव्या शतकाच्या मध्यास त्यांचे पूर्वज कोकणातून मुंबईस आले आणि येथेच स्थायिक झाले. वडील शंकरशेट हे मोठे धूर्त व उद्योगी व्यापारी. टिपू सुलतानाशी १७९९ साली झालेल्या शेवटच्या युद्धाच्या सुमारास त्यांस व्यापारात अपार प्राप्ती झाली, असे सांगतात. मातोश्री भवानीबाई मात्र लेकराच्या लहानपणीच निवर्तल्या. त्या काळी मुंबईत आजच्यासारख्या शाळा कोठून असणार? शंकरशेटांनी मुलास घरीच शिक्षक ठेवून मराठी, संस्कृत व इंग्रजी यांचे शिक्षण दिले. १८२२ साली वडिलांनीही डोळे मिटले आणि एकोणीस वर्षांच्या तरुणाच्या शिरावर सर्व संपत्तीचा व व्यवहाराचा भार येऊन पडला.

एकोणिसाव्या वर्षी वडिलांचे छत्र गेलेला आणि हाती अलोट द्रव्य असलेला तरुण पुढे काय करील, हे सांगावयास ज्योतिषी लागत नाही. मुंबईत अशी किती तरी घराणी एका पिढीत चढली व दुसऱ्या पिढीत धुळीस मिळाली. जगन्नाथांचे तसे झाले नाही. व्यवहारातील त्यांची सचोटी अशी होती की, अरबस्तान, अफगाणिस्तान इत्यादि दूरदेशचे सौदागर आपला ऐवज पेढ्यांत व बँकांत ठेवण्याऐवजी त्यांच्या हवाली करून निश्चिंतपणे आपल्या मुलखास परत जात. कागद, साक्षी, मोहोर यांच्यापेक्षा त्यांस या गृहस्थाच्या शब्दाचा अधिक भरवसा वाटे. आम्हांस वाटते की, नानांच्या पुढील सर्व सार्वजनिक कार्याचे भांडवल हेच होय. द्रव्य पुष्कळांपाशी होते; परंतु सरकार, पारशी शेटिये, मुसलमान व्यापारी आणि गिरगावातील सामान्य गृहस्थ अशा सर्वांनी ज्याचे म्हणणे ऐकून घ्यावे असे पुरुष फार थोडे होते.

ज्या वर्षी वडील वारले त्याच वर्षी, म्हणजे १८२२ साली, मुंबईत एतद्देशीय मुलांसाठी शाळा काढणे व मराठी-गुजराती क्रमिक पुस्तके तयार करणे या हेतूने एक मंडळी स्थापन झाली. तीच पुढे बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्धीस आली. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचा तिला आश्रय होता. तरुण जगन्नाथ या मंडळीत शिरले ते जन्मभर विद्येच्याच कामात राहिले. एल्फिन्स्टनसाहेब १८२७ साली स्वदेशी जाण्यास निघाले तेव्हा त्यांचे स्मारक काय करावे, असा प्रश्न मुंबईच्या लोकांपुढे आला. पुतळा किंवा तसबीर एवढ्यावर न थांबता, त्यांच्या नावाने विद्यादानाचा निधी उभारावा, असे ठरून दोन लाखांहून अधिक रुपये जमा झाले. त्या निधीतून एल्फिन्स्टन यांच्या नावाची प्राध्यापकपदे निर्माण झाली आणि पुढील एल्फिन्स्टन कॉलेजाचा पाया घातला गेला. या खटपटीत नाना अग्रभागी होते. थोर पुरुषाचे नाव विद्येच्या देणगीने राखावयाचे, ही रीत मुंबईस तेव्हा नवी होती. चाळीस वर्षांनी खुद्द नानांच्या नावासंबंधाने तीच रीत पाळली गेली, ही गोष्ट येथेच नमूद करून ठेवतो.

१८४० साली शिक्षणखात्याचा कारभार पाहण्यासाठी सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले. त्यात तीन एतद्देशीय सभासद होते: जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहीम मकबा. बोर्ड बंद होईपर्यंत सुमारे सोळा वर्षे नाना त्यावर राहिले. या काळातच त्यांच्या आयुष्यातील एक मोठा वाद झाला. तो थोडा विस्ताराने सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण त्याचा निकाल आज वर्गात बसणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पदरात पडला आहे.

बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश असून मोठे विद्वान होते. त्यांचे मत असे की, सरकारपाशी द्रव्य थोडे; ते गावोगावच्या देशी भाषांच्या शाळांवर वाटून टाकण्यापेक्षा थोड्या निवडक विद्यार्थ्यांस इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्याकडे खर्चावे; त्यांच्याकडून ते ज्ञान हळूहळू खाली झिरपेल. नानांस हे मान्य होईना. इंग्रजी विद्येचे त्यांस वावडे होते असे मुळीच नाही. एल्फिन्स्टन कॉलेजासाठी ज्याने जिवाचे रान केले त्याच्यावर तो आरोप कोण करील? परंतु कुणब्याच्या, कोष्ट्याच्या, वाण्याच्या मुलाने आधी परभाषा शिकावी व मग भूगोल किंवा गणित शिकावे, हा क्रमच त्यांस उलटा वाटे. ज्ञान बहुजनसमाजापर्यंत पोहोचवावयाचे तर ते त्याच्याच भाषेतून पोहोचले पाहिजे, आणि त्यासाठी चांगली भाषांतरे, चांगली पुस्तके व चांगले शिक्षक तयार केले पाहिजेत, असा त्यांचा पक्ष होता. १८४७ साली त्यांनी आपले मत लेखी स्वरूपात बोर्डापुढे ठेवले. न्यायासनावर बसणाऱ्या इंग्रज अध्यक्षाच्या विरुद्ध एका हिंदी व्यापाऱ्याने, त्या काळी, असा लेखी विरोध नोंदवावा, ही गोष्ट लहान नव्हे. त्यात अविनय नव्हता, आरडाओरड नव्हती. पण माघारही नव्हती. बोर्डातील काही इंग्रज सभासदांसही त्यांचे म्हणणे पटले. दोन्ही पक्षांचे पूर्ण समाधान कोणत्याच निर्णयाने झाले नाही, तथापि देशी भाषांच्या शाळा टिकल्या, आणि १८५४ च्या प्रसिद्ध शिक्षणविषयक खलित्यात इंग्रजी व देशी भाषा या दोहोंसही स्थान मिळाले.

मुलींच्या शिक्षणाची हकीकत याहून नाजूक आहे. मुंबईत मुलींच्या शाळा प्रथम मिशनरी मंडळींनी काढल्या. अमेरिकन मिशनची शाळा १८२४ साली सुरू झाली, पुढे डॉ. जॉन विल्सन यांच्या पत्नी मार्गारेट विल्सन यांनीही हे काम केले. परंतु वरच्या वर्गातील हिंदू कुटुंबे त्या शाळांत मुली धाडावयास तयार नसत. १८४८ साली एल्फिन्स्टनमधील तरुण विद्यार्थ्यांनी एक ज्ञानप्रसारक सभा स्थापन केली व पुढील वर्षी स्वतः मुलींच्या शाळा चालविण्याचे मनावर घेतले. दादाभाई नौरोजींसारखे तरुण सकाळी आपले काम सुरू होण्यापूर्वी विनावेतन शिकवीत. आरंभी २४ हिंदू व ४४ पारशी मुली मिळाल्या. उत्साह होता, पण जागा कोण देणार? लोकापवादाचे भय सर्वांस. मुलगी लिहावयास शिकली की घरावर संकट येते, अशी समजूत चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतूनही होती. अशा वेळी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्याच्या आवारात हिंदू मुलींच्या शाळेस जागा दिली.

नाना स्वतः जुन्या वळणाचे होते. नित्याची पूजाअर्चा, कुलाचार, देवळांची व्यवस्था यांत त्यांनी कधी खंड पाडला नाही. नाना चौकाजवळचे भवानीशंकराचे देऊळ आजही त्यांच्या घराण्याची आठवण देते. सुधारणेच्या सर्वच बाबतींत ते पुढे धावले असे आम्ही म्हणणार नाही; पुष्कळ प्रसंगी त्यांनी सावकाशीने पावले टाकली आणि तरुण सुधारकांस ती फारच सावकाश वाटली असतील. पण नेमक्या याच कारणामुळे त्यांच्या आवारातील शाळेचे मोल मोठे. जो धर्म सोडून गेला किंवा ज्याने जातीस झुगारले त्याने मुलींची शाळा काढली असती तर लोकांनी नाक मुरडून पाठ फिरविली असती. परंतु शंकरशेटांच्याच वाड्यात मुली मुळाक्षरे गिरवीत आहेत म्हटल्यावर टीकाकारांची जीभ जड झाली. आज आमच्या ज्या भगिनी बक्षिसांच्या यादीत मुलांच्या वर नाव झळकावतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

त्यांच्या इतर उद्योगांचा पसारा इतका आहे की, सर्वांचा उल्लेख करू म्हटले तर हा अंक पुरणार नाही. मुंबईस लोहमार्ग यावा म्हणून १८४५ साली जी खटपट सुरू झाली तीत सर जमशेटजी जिजीभाई यांच्यासह नाना प्रमुख होते. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे निमंत्रित, तीन इंजिने आणि एकवीस तोफांची सलामी. त्या पहिल्या प्रवासात नानाही होते. रस्त्याच्या दुतर्फा लोकांची दाटी झाली होती, कारण बैलावाचून व घोड्यावाचून गाडी चालते हे पाहिल्याशिवाय खरे कोण मानणार? ग्रँट रोडवरील नाटकगृह १८४६ साली उभे राहिले, त्यास लोक शंकरशेटची नाटकशाळा म्हणत. तेथे १८५३ साली सांगलीच्या विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक केले. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या बरोबरीने राणीच्या बागेच्या व तेथील वस्तुसंग्रहालयाच्या कामातही त्यांचा हात होता. मात्र १८७२ साली ते संग्रहालय लोकांस खुले झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. गिरगावानजीकच्या सोनापुरातील स्मशान शिवडीस न्यावे असा बेत सरकारने केला, तेव्हा गोरगरिबांनी प्रेते एवढ्या लांब कशी न्यावी, हा प्रश्न घेऊन नानाच पुढे झाले आणि तो बेत रहित झाला. जस्टिस ऑफ द पीस हा मान पूर्वी युरोपियनांचाच असे. तो मिळालेल्या पहिल्या हिंदी गृहस्थांत नाना होते. १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलातही त्यांची नेमणूक झाली.

राजकारणातही ते मागे राहिले नाहीत. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. पश्चिम हिंदुस्थानातील लोकांची गाऱ्हाणी संघटितपणे मांडणारी ही पहिलीच संस्था, आणि नाना तिचे अध्यक्ष. कंपनीच्या सनदेचा प्रश्न १८५३ साली पार्लमेंटापुढे यावयाचा होता, म्हणून येथील कारभारातील दोष व लोकांच्या मागण्या यांचा अर्ज या संस्थेने विलायतेस धाडला. काँग्रेसचा जन्म होण्यास अद्याप तेहतीस वर्षांचा अवकाश होता.

पुढे १८५७ साल उजाडले. उत्तरेत बंडाचा वणवा पेटला आणि मुंबईतील गोऱ्या वस्तीत संशयाचे वारे वाहू लागले. प्रतिष्ठित, श्रीमंत, लोकप्रिय आणि असोसिएशनचा अध्यक्ष अशा हिंदू गृहस्थाकडे प्रथम बोटे वळावी, यात नवल नव्हते. बंडवाल्यांशी त्यांचे अंतस्थ सूत आहे, अशी कुजबूज सुरू झाली. ज्या सरकारच्या बोर्डावर सोळा वर्षे काम केले त्याच सरकारच्या पोलिसांची नजर आपल्या वाड्यावर आहे, हे कळल्यावर त्या चौपन्न वर्षांच्या वृद्धाच्या मनास काय वाटले असेल? पोलीस अधिकारी चार्ल्स फोर्जेट यांनी चौकशी केली आणि आरोपात तथ्य नाही असे आढळून आले. एक शब्द वावगा गेला असता तर घराणे धुळीस मिळते. नानांनी ना भीतीने सार्वजनिक कामे सोडली, ना रागाने. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले व त्याच्या पहिल्या फेलोंच्या मालिकेत त्यांचे नाव आले.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव गगनास भिडले आणि १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैशाचा पूर लोटला. कारकुनापासून शेटजींपर्यंत सारे शेअरांच्या सट्ट्यात बुडाले. युद्ध संपले, भाव कोसळले आणि १ जुलै १८६५ या वायद्याच्या दिवशी कित्येक नामांकित पेढ्यांचे दिवाळे वाजले. त्याच महिन्याच्या अखेरीस, ३१ जुलै १८६५ रोजी, नाना निवर्तले. ज्या शहरात महिनाभर प्रत्येक जण दुसऱ्याच्या शब्दाकडे संशयाने पाहत होता, त्या शहरातून शब्दाचा पक्का असा हा पुरुष नेमका त्याच वेळी गेला.

टाउन हॉलात त्यांचा संगमरवरी पुतळा उभा राहिला. पुतळा पाहावयास टाउन हॉलापर्यंत जावे लागते; दुसरे स्मारक मात्र खेड्यापाड्यांतील शाळांपर्यंत आपण होऊन गेले. नानांच्या मागे लवकरच मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाने संस्कृत शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात सर्वांत वर येणाऱ्यास ती मिळावयाची. त्यात जात विचारावयाची नाही, गाव विचारावयाचे नाही, बापाची मिळकत विचारावयाची नाही. उत्तरपत्रिका काय सांगते तेवढेच पाहावयाचे. मराठीच्या कैवाऱ्याचे नाव संस्कृतास का, असे कोणी विचारील. आमच्या मते यात विसंगती नाही. ज्या मराठीस शास्त्रे शिकवावयास समर्थ करावे असे नानांस वाटे, तिला नवे शब्द पुरविणारी खाण संस्कृतच होती. आणि इंग्रजी विद्येच्या भरतीत घरची विद्या वाहून जाऊ नये, हीच तर त्यांची चिंता होती.

या शिष्यवृत्तीने काय साधले ते दोन नावांवरून दिसेल. सावंतवाडीकडचा एक मुलगा आठ वर्षांचा होण्याच्या सुमारास पोरका झाला. कोल्हापूरच्या शाळेतील मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांनी त्याची बुद्धी हेरून त्यास हात दिला. १८७३ साली तो मॅट्रिक झाला आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यास मिळाली. पोरक्या मुलास त्या काळी महिन्याकाठी हाती येणारे चार रुपये म्हणजे काय, हे ज्यांनी वारावर जेवून शिक्षण केले त्यांच्याच वंशजांस समजेल. तो मुलगा म्हणजे वामन शिवराम आपटे. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजचे ते १८८५ साली पहिले प्राचार्य झाले. १८९० साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, आणि दोनच वर्षांनी, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते वारले. आमच्या शिक्षकांच्या मेजावरील तो जाडजूड ग्रंथ मुलांनी पाहिलाच असेल.

दुसरे नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचे. महाडनजीकच्या नाते गावी १८९६ साली जन्मलेला हा कुलाबा जिल्ह्यातील मुलगा १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत विद्यापीठात पहिला आला व शंकरशेट त्यानेच पटकावली. पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर १९४३ साली तेच झाले आणि स्वतंत्र भारताचे अर्थमंत्रिपदही त्यांनी १९५० पासून १९५६ पर्यंत सांभाळले. आकड्यांच्या रुक्ष प्रदेशात आयुष्य गेले तरी संस्कृताची गोडी सुटली नाही. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठी पद्यात उतरविले. पेढीचा हिशेब आणि विद्येचे प्रेम एका घरात नांदू शकते, याचे एक उदाहरण शिष्यवृत्ती ठेवविणारा, तर दुसरे ती घेणारा.

मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून निघून शालान्त परीक्षा मंडळाकडे गेली, शाळांची व विद्यार्थ्यांची संख्या शतपट झाली, तरी नानांच्या नावाची संस्कृत शिष्यवृत्ती त्या नव्या परीक्षेसही जोडलेली राहिली. पूर्वी संस्कृतात शंभरांपैकी ऐंशी-पंच्याऐंशी गुण मिळाले की गावात साखर वाटीत. अलीकडे पैकीच्या पैकी गुण मिळविणारे इतके निघतात की स्पर्धेचे स्वरूपच पालटून गेले आहे. रकमेच्या मानाने पाहिले तर आजच्या काळात शिकवणीचे एका महिन्याचे शुल्कही तीत भागावयाचे नाही. तरीही निकालाच्या दिवशी मुख्याध्यापक फळ्यावर सगळ्यांत वर जे नाव लिहितात त्याच्यापुढे जगन्नाथ शंकरशेट ही अक्षरे असली की, जुने शिक्षक क्षणभर तेथे थांबून ती वाचतात.